मदत हवी आहे : ईआरएपी१ आणि एचएलए-बी२७

अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या सांधेदाहात ईआरएपी१च्या (पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, पेशीच्या आत छाटणारं विकर) जनुकीय रूपांचा परिणाम एचएलए-बी२७ (असे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दाखवणारं प्रथिन) असलेल्यांत दिसतो, हे २०११ मध्ये पुढे आलं. ५२८व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असलेलं, पेप्टाइड जलद छाटणारं रूप धोक्याचं, आर्जिनिनवालं मंद. इथवर कळलं.

बी२७ पेशींत ईआरएपी१ बंद करून फ्लो सायटोमेट्री केली, म्हणजे पेशींवर चिकटलेल्या चमकत्या अँटिबॉडी मोजल्या. एचसी-१० अँटिबॉडीचा सिग्नल, म्हणजे पृष्ठभागावरच्या, संकुलातून सुटलेल्या जड साखळ्या, घटला; पूर्ण संकुलं ओळखणाऱ्या डब्ल्यू६/३२ अँटिबॉडीचा जवळपास तसाच. पेशी जिवंत आहेत, आयसोटाइप कंट्रोल (अँटिबॉडी उगाच चिकटत नाही ना, याची तपासणी) ठीक, ईआरएपी२ हे जोडीचं विकर शाबूत. मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय मात्र नाही, त्यामुळे पेप्टाइडची लांबी थेट मोजता येणार नाही.

बी२७ संकुलं अधिक टिकाऊ झाल्यामुळेच ही घट झाली, हे दाखवायला ब्रेफेल्डिन-ए (नवी प्रथिनं पृष्ठभागावर येणं थांबवणारं रसायन) देऊन पृष्ठभागावरची घसरण मोजणं पुरेल, की निष्क्रिय ईआरएपी१ परत घालून पाहणंही आवश्यक आहे?