रात्री साडेदहाचा वाडा : 'रात्रीस खेळ चाले' आणि तुमचे अनुभव

गेले दोन आठवडे 'रात्रीस खेळ चाले' या कोकणातल्या वाड्यावरच्या भीतीदायक टीव्ही मालिकेचं दुसरं पर्व पुन्हा बघतेय. काल शेवंता, अण्णा नाईकांची प्रेयसी, येते तो भाग लागला आणि बघून झाल्यावर तासभर झोप आली नाही. भीतीने नव्हे, आठवणींनी.

पहिल्या पर्वाच्या आधीची गोष्ट सांगणारं हे पर्व जानेवारी 2019 मध्ये सुरू झालं तेव्हा वाड्याचे कर्ते अण्णा नाईक मरणार हे आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं. 2016 च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच त्यांच्या मरणाने झाली होती. तरी आपण रोज रात्री बसलो. का? मी बसले ती अण्णा करणाऱ्या माधव अभ्यंकरांच्या नजरेसाठी. अण्णा पडवीत आले की अख्खं घर गप्प व्हायचं. कुडाळला आमच्या आजोळी आजोबांची चाहूल लागली की असंच व्हायचं. भुतापेक्षा मला त्या गप्प होण्याची भीती जास्त वाटायची, अजूनही वाटते.

खून कोणी केला, कोण कोणाचं, यावर तेव्हा भरपूर बोलून झालंय. इथे तुमच्या घरातलं लिहा. कुठे बसून बघायचात, शेजारी कोण असायचं, टीव्ही बंद केल्यावर काय झालं.

*

डोंबिवली. दोन खोल्या, सात माणसं, टीव्ही एक. माझ्या सासूबाई मालवणजवळच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्याला चाळीतल्या बायका हसायच्या, म्हणून त्यांनी मालवणी बोलणं सोडलं. गावचा फोन आला तरच बोलायच्या, तेही दार लोटून. माझ्या मुलांनी आजीच्या तोंडून मालवणी कधी ऐकलीच नव्हती.

मालिकेतला विसराळू पांडू पहिल्यांदा 'इसारलंय' (विसरलो) म्हणाला आणि आमचा धाकटा दिवसभर तेच म्हणत सुटला. दप्तर कुठे? इसारलंय. डबा खाल्लास का? इसारलंय. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, 'तसा नाय रे, असा म्हण.' मग हळूहळू स्वयंपाकघरात मालवणी सुरू झाली. आधी नातवाशी, मग माझ्याशी, शेवटी शेजारणीशीसुद्धा. प्रल्हाद कुडतरकर, पांडू करणारे, मालिकेच्या लेखनातही होते. त्यांना कधी भेटले तर एवढंच सांगेन की आमच्या घरात एक बाई पस्तीस वर्षांनी आपल्या भाषेत बोलायला लागली.

आणखी एक. अण्णा आपल्या बायकोवर, माईंवर, ओरडले की सासूबाई पडद्याकडे बघायच्या नाहीत, हातातली भाजी निवडत राहायच्या. एकदा मी म्हटलं, माईंनी एकदा तरी उलट बोलावं. त्या म्हणाल्या, 'माईक कोण इचारता गो? माका तरी कोणी इचारल्यान?' सासरे समोरच बसले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि पुढे बराच वेळ कोणी काही बोललं नाही. माई करणाऱ्या शकुंतला नरे यांचं काम मी त्या दिवसापासून वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले.

*

नागपूरचा आहे. पहिला आठवडा अर्धे संवाद डोक्यावरून गेले. 'खंय' म्हणजे कुठे हे समजायला मला तीन भाग लागले! पण न समजण्याने भीती वाढायची हे खरं. कोणीतरी अंधारात काहीतरी महत्त्वाचं सांगतंय आणि आपल्याला कळत नाहीये, असं वाटत राहायचं. आता खंय, हंय, थंय तिन्ही येतात.

*

दुबईत आमच्याकडे ती रात्री नऊला लागायची. एका खोलीत चौघं: मी देवगडचा, एक साताऱ्याचा, दोघं केरळचे. केरळवाल्यांना भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण कौलं, माड, पाऊस, विहीर बघून एक जण म्हणाला, हे तर माझंच घर. ड्युटी बदलली की तो मला विचारायचा, काल काय झालं? मी तोडक्या हिंदीत गोष्ट सांगायचो. माड दिसले की चौघंही जेवायचे थांबायचो.

*

सावंतवाडीत रिक्षा चालवतो. मालिकेचं चित्रीकरण झालं तो आकेरीचा वाडा बघायला किती जणांना नेलं त्याचा हिशोब नाही. दुसऱ्या पर्वाच्या वेळी गणपती-दिवाळीत तर रोज दोन-तीन फेऱ्या. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, सगळीकडून माणसं. रस्ताभर हसत-खिदळत येणारी माणसं गाडीतून उतरून वाडा समोर दिसला की गप्प होतात, हे मी दर वेळी बघितलंय. काही पोरं मुद्दाम ओरडायची. त्यांना मी सांगायचो, बाबांनू, हळू बोला, आजूबाजूक मान्सा रवतत. कुठल्याही गावात गेलात तरी तेवढं पाळा.

दशावतार बघत मोठा झालेला माणूस मी. जत्रेत रात्री उशिरा नाटक उभं राहायचं, संकासुर राक्षस आला की आम्ही पोरं आईच्या मागे लपायचो, आणि उजाडताना उठून घरी. रात्री भ्यायचं आणि सकाळी कामाला लागायचं, ही आमची सवय जुनी. मालिका मला त्याच रांगेतली वाटली.

*

मला थोडं वेगळं लिहायचंय, राग मानू नका. कणकवली भागात शिक्षिका आहे. 2016 मध्ये सिंधुदुर्गात मालिकेला विरोध झाला तेव्हा मला तो अती वाटला होता, कारण मीही बघत होते. मग एकदा चौथीतल्या मुलाने विचारलं, 'बाई, आमच्या शेजारची आजी एकटी रवता, ती करणी करता काय?' त्या आजीला मी ओळखते. नवरा गेला, मुलगा लांब. तो मुलगा तिच्या अंगणातून जायचा बंद झाला होता.

जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे 2013 मध्ये झाला, तो अशाच एकट्या बायकांना फार लागतो. मालिका बंद करा असं मी म्हणणार नाही. मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन आजीकडे गेले. तिने दोघांना लाडू दिला. मुलाने तो खाल्ला, पण आधी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला विसरता येत नाही. लहान मुलं शेजारी बसली असतील तर भाग संपल्यावर पाच मिनिटं त्यांच्याशी बोला, एवढीच विनंती.

*

(धागा काढणारी) बाई, राग कसला? तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझी भाची तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिच्याशी आम्ही कोणीच बोललो नव्हतो.

*

आमचा वाडा वेंगुर्ल्याकडे. सातबारावर अकरा नावं, कुलूप सहा वर्षांचं. पहिल्या पर्वात अण्णांच्या मागे भावाभावांत जमिनीवरून ताणाताणी सुरू झाली आणि आमच्याकडे ठाण्यात बाबा उठून आत गेले. रोज त्याच सुमारास जायचे. आम्हाला वाटायचं, भुताला घाबरतात.

एका रात्री गेले नाहीत. भाग संपल्यावर त्यांनी काकांना फोन लावला. सहा वर्षांत पहिला. काका गोव्यात म्हापशाला असतात. पहिलं वाक्य होतं, 'बघतंस काय रे?' पलीकडून काका म्हणाले, 'बघतंय. पण एकट्याक बघवना नाय.' मग रोज भाग संपला की फोन. जमिनीचा विषय दोघांनीही काढला नाही.

त्या सप्टेंबरमध्ये गणपतीला कुलूप काढलं. किल्ली गंजलेली, दार फुगलेलं, बाबा आणि काका दोघांनी खांदा लावला. माजघरात पाऊल टाकायला आम्ही पोरं कचरत होतो. काका आत गेले, चाचपडत खुंटीवरचा कंदील काढला, हलवून बघितला आणि बाहेर ओरडले, 'दादा, रॉकेल खंय मिळात रे आता?'