कांजूरमार्ग–पवई भाड्याची ई-स्कूटर : राईड संपेना, पैसे मात्र कापले. मदत हवी आहे

खिडकीची_जागा :

मंडळी, नमस्कार.

मी मुलुंडला राहते, ऑफिस हिरानंदानीत. कांजूरमार्गला उतरून पुढे पवई हा पट्टा ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रिक्षाची रांग हलत नाही, बस आली तर पाय ठेवायला जागा नाही, आणि मेट्रो ६ च्या कामाने गांधीनगर जंक्शनला जे होतं त्याला ट्रॅफिक म्हणणं म्हणजे कौतुकच. त्यामुळे स्टेशनबाहेर उभ्या असणाऱ्या भाड्याच्या ई-स्कूटर घ्यायला लागले. क्यूआर कोड स्कॅन केला की कुलूप उघडतं, मिनिटांवर पैसे, पोचलं की ठरलेल्या झोनमध्ये उभी करून राईड संपवायची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, आधी भांडण मिटू दे.

तर मागच्या आठवड्यात संध्याकाळी स्टेशनला परत आले. रंगवलेल्या चौकोनात त्यांच्याच आणखी स्कूटर उभ्या होत्या, तिथेच माझी लावली. अ‍ॅप म्हणतं, ‘तुम्ही झोनच्या बाहेर आहात.’ पुढे घेतली, मागे घेतली, स्टँड काढून परत लावला, ब्लूटूथ बंद-चालू केलं. अ‍ॅपमधला निळा ठिपका कुठे होता सांगू? रुळांवर. फास्ट ट्रॅकच्या मधोमध! मी भर गर्दीत स्कूटर घेऊन रुळांवर उभी आहे, अशी कंपनीची ठाम समजूत. कस्टमर केअरला माणूस नाहीच. बॉट ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणतो आणि तेच चार पर्याय परत दाखवतो. शेवटी गाडी लॉक केली, फोटो काढले आणि लोकल पकडली. रात्री कधीतरी राईड आपोआप बंद झाली. बिल ६४० रुपये, त्यात ‘झोनबाहेर पार्किंग’चा दंड वेगळा. डिपॉझिट त्यात गेलं, वॉलेट उणे दाखवतंय, आणि उरलेली रक्कम ऑटोपेने घेणार असा मेसेज आलाय.

पैसे परत मिळवायला नक्की कुठे जायचं? दुसरं, त्याच आठवड्यात आयआयटी मार्केटपाशी हवालदाराने थांबवून लायसन्स मागितलं. कंपनी म्हणते लागत नाही, साहेब म्हणाले ‘कोणी सांगितलं?’ सोडलं त्यांनी, पण खरं काय? आणि नाशिकहून भाचा आलाय, वय १७, त्याने स्कूटर बघितल्यापासून माझा फोन मागून मागून जीव खाल्लाय. द्यावा का?

लोकलवारी :

फोटो काढलेत ते फार बरं केलंत. त्यात गाडीचा नंबर आणि मागची ओळखू येईल अशी खूण दिसते ना? आणि त्या रुळांवरच्या ठिपक्याचा स्क्रीनशॉट? असला तर सोडू नका, सगळं भांडण त्यावरच जिंकाल.

जीपीएसचं असं आहे की वर मोकळं आकाश लागतं. उंच इमारती, पत्र्याची शेड, पूल असलं काही असलं की सिग्नल भिंतींवर आपटून फिरून येतो आणि ठिपका भलतीकडे जातो. त्यात काही कंपन्या गाडीतलं जीपीएस बघतात, काही तुमच्या फोनचं, काही दोन्ही. म्हणून मी राईड संपवायच्या आधीच, उघड्यावर असताना, फोनचं लोकेशन बंद करून चालू करतो आणि नकाशा उघडून ठिपका जागेवर आला का बघतो. मगच चौकोनात शिरतो.

डबल_डेकर :

एक विचारू का ताई, हे परवडतं तरी का? बेस्टचं तिकीट मे २०२५ मध्ये दुप्पट झालं, तरी पहिल्या ५ किलोमीटरला साधी बस १० रुपये आणि एसी १२. २०२२ मध्ये बेस्टनेच वोगो या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीबरोबर अंधेरीत ई-बाईक आणल्या होत्या, त्यांचा दर २० रुपये मूळ, वर किलोमीटरला ३ आणि मिनिटाला दीड. चार किलोमीटर, पंधरा मिनिटं धरा, चौपन्न रुपयांच्या वर जातं. रिक्षाला तेवढ्याच अंतराला एकोणसत्तरच्या आसपास. आणि मिनिटाचं मीटर म्हणजे जंक्शनला नुसतं उभं राहायचेही पैसे.

खिडकीची_जागा :

@डबल_डेकर बस मिळाली तर बसच हो, हौस नाहीये. पण ती येते तेव्हा दारात लटकायची माझी तयारी नाही. साडेनऊचं पंचिंग चुकलं की अर्धा दिवस कापतात, त्यापुढे चौपन्न रुपये परवडले.

@लोकलवारी स्क्रीनशॉट आहे! मैत्रिणीला हसायला पाठवला होता, चॅटमध्ये सापडला. वेळेसकट.

वकील_नाही :

आधी लायसन्सचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती बॅटरीवरची गाडी ‘मोटार वाहन’ धरत नाहीत. म्हणून लायसन्स नाही, आरटीओची नोंदणी नाही. तसा दाखला एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून लागतो. कंपनीकडून त्याची प्रत मागवून फोनमध्ये ठेवा, हवालदाराशी वाद घालण्यापेक्षा ती दाखवणं सोपं. रस्त्यावरची ढोबळ खूण म्हणजे नंबर प्लेट. हिरवी प्लेट लावलेली असेल तर ती वेगवान गाडी, तिला लायसन्स आणि हेल्मेट दोन्ही हवं.

मात्र ‘मोटार वाहन नाही, मग पोलीस काय करणार’ असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ चालवणं येतं, सायकलसुद्धा. उलट्या दिशेने घुसलात तर ही सूट कामाला येणार नाही. आणि मोटार वाहन नाही म्हणजे सक्तीचा थर्ड पार्टी विमाही नाही. कोणाला धडक बसली तर भरपाई कोण देणार, हे अटींमध्ये शोधून वाचा. भाच्याचं उत्तर त्यातच आहे. वयाची अट कंपनीची असते, आणि खातं तुमचं म्हणजे रस्त्यावर जे होईल ते तुमच्या नावावर. हट्ट कितीही करू दे.

आता पैसे. बॉटशी बोलणं थांबवा. अ‍ॅपवरून सेवा विकणाऱ्याला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. त्याला ईमेल करा, फोटो आणि तो ठिपका जोडा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज होतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ६४० रुपयांसाठी बहुतेक तिथवर जावं लागत नाही, १९१५ ला तक्रार गेली की कंपनीला जाग येते.

ऑटोपे मात्र आजच बघा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ते मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी, रद्द करा. कंपनीला विचारावं लागत नाही. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, तुम्हाला आलेला मेसेज तोच असणार.

खिडकीची_जागा :

मँडेट काल रात्रीच उडवलं. ईमेल टाकला, पोच आली आणि आज सकाळी चक्क खऱ्या माणसाचा फोन! दंड परत देतो म्हणाले, पण ‘राईड सुरू होती’ म्हणून मिनिटांचे पैसे लागतीलच. मी तेव्हा गाडीवर नव्हते, घरी कांदे चिरत होते. हे मान्य करून विषय संपवू का?

भाचा रुसलाय. त्याला पवई तलावावर नेऊन मक्याचं कणीस खाऊ घातलं, तूर्तास शांत आहे.

वकील_नाही :

मान्य करू नका. राईड संपवायचं बटण तुम्ही पहिल्यांदा कधी दाबलंत आणि गाडी लॉक कधी झाली, दोन्हीची नोंद त्यांच्या सर्व्हरवर असणार. त्याच ईमेलला उत्तर देऊन ती नोंद लेखी मागा, आणि बटण पहिल्यांदा दाबल्यानंतरच्या मिनिटांचे पैसे परत हवेत एवढंच लिहा. नोंद देत नाहीत असं उत्तर आलं, तर तेही १९१५ च्या तक्रारीला जोडा. फोनवर काही कबूल करू नका, पुढचं सगळं ईमेलवर.

लोकलवारी :

आणि दंड खरंच परत आला का बघा. पैसे बँकेतच मागा, वॉलेटमध्ये घेऊ नका. माझे मागे वॉलेटमध्ये टाकले होते, ते वापरायला परत त्यांच्याच स्कूटरवर बसावं लागलं.