लॅबमधली बायोडिग्रेडेबल फिल्म कंपनीच्या मशीनवर का टिकत नाही?

कच्चा_पॉलिमर
नमस्कार मंडळी, पॉलिमरमध्ये मास्टर्स करतोय, प्रोजेक्ट स्टार्च आणि कायटोसॅनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा पॉलिमर) पॅकेजिंग फिल्मवर आहे. काचेवर ओतून वाळवली की छान पारदर्शक निघते, मातीत पुरली की काही आठवड्यांत तुकडे पडायला लागतात, त्यामुळे गाईड खूश. पण पॅकेजिंग कंपनीतल्या एका ओळखीच्यांना दाखवली तर ते एवढंच म्हणाले की ही एक्स्ट्रूडरमधून (प्लास्टिक वितळवून दाबाने बाहेर काढणारं मशीन) जाईल का आणि आतला माल सहा महिने कोरडा राहील का, आणि माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. या विषयावर पेपर तर ढिगाने येतात, मग बाजारात एवढं कमी का दिसतं? कंपन्यांनाच नकोय की आपण लॅबवाले भलत्याच गोष्टी मोजत बसलोय?

एक्स्ट्रूडरवाला
दोन्ही, पण दुसरं जास्त. तुझी फिल्म पाण्यातून वाळून बनते, फॅक्टरीत फिल्म वितळवून, फुगवून, रोलवर गुंडाळत बनते. कायटोसॅन वितळतच नाही रे, त्याआधीच त्याचं विघटन होतं. स्टार्चमध्ये ग्लिसरॉल घालून ते मशीनवर चालवता येतं, पण दमट हवेत लिबलिबीत होतं आणि ठेवून ठेवून ठिसूळ पडतं. पीएचबी हे जिवाणूंनी बनवलेलं प्लास्टिक बघ, 1926 मध्ये लेमॉइन यांना ते जिवाणूंच्या पेशीत सापडलं म्हणजे शंभर वर्षं होत आली, तरी अडचण तीच, 175 अंशांच्या आसपास वितळतं आणि तिथून जरा वर गेलं की रेणूंच्या साखळ्या तुटायला लागतात, ऑपरेटरच्या हातात जागाच उरत नाही. त्याच जातीच्या बायोपोल नावाच्या प्लास्टिकच्या शाम्पूच्या बाटल्या 1990 मध्ये आल्या होत्या, पण साध्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी पट महाग, मग कोण घेणार.

आणि कोरडं राहण्याचं म्हणशील तर पीएलएमधूनसुद्धा (मका-उसाच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक) पाण्याची वाफ पॉलिइथिलीनपेक्षा खूप जास्त जाते. चिप्सच्या पाकिटात थरावर थर आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो तो उगाच नाही.

मातीमित्र
वरचं सगळं मान्य, पण "मातीत तुकडे पडले" यावर फार जाऊ नकोस. तुकडे पडणं वेगळं आणि जिवाणूंनी खाऊन कार्बन डायऑक्साइड होणं वेगळं. ईएन 13432 या कंपोस्टेबल पॅकिंगच्या युरोपियन मानकात सहा महिन्यांत 90 टक्के रूपांतर मागतात आणि ते पण औद्योगिक कंपोस्टिंगच्या परिस्थितीत, म्हणजे 58 अंशांच्या आसपास. पीएलए तिथे कुजतं, थंड समुद्रात वर्षानुवर्षं जवळपास जसंच्या तसं राहतं.

इंग्लंडच्या प्लायमथ विद्यापीठाने 2019 मध्ये पिशव्यांवरचा अभ्यास छापला तो जरूर वाच. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, आणि मातीत 27 महिन्यांनंतरही होती, फक्त वजन भरलं की फाटायची. बायोडिग्रेडेबल म्हणून विकलेली दुसरी एक पिशवी तर तीन वर्षांनी मातीतून काढली तरी सामान पेलत होती!! त्यामुळे तुझ्या थिसिसमध्ये माती कुठली, तापमान किती, ओल किती हे नसेल तर परीक्षक तिथेच पकडणार.

खवट_काका
हे सगळं करण्यापेक्षा पॅकिंगच कमी करा की. आणि पीएलएची बाटली चुकून पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक) रिसायकलिंगमध्ये गेली तर तो माल बिघडतो, हे कुणी बोलत नाही. 2010 ला सनचिप्स या चिप्सचं कंपोस्टेबल पाकीट आठवतंय का, इतकं कर्कश वाजायचं की अमेरिकेत लोकांनी बोंब मारली आणि कंपनीने बहुतेक पाकिटं मागे घेतली. पर्यावरण वगैरे ठीक आहे पण गिऱ्हाईक आधी कान बघतं.

कच्चा_पॉलिमर
काका 😅 पाकिटाचं माहीत नव्हतं. म्हणजे मी विषयच बदलू का आता?

एक्स्ट्रूडरवाला
विषय नको, वस्तू बदल. सहा महिने माल टिकवणारं पाकीट हे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आहे, तिथे पहिल्यांदाच कशाला जातोस. जिथे पॅकिंगचं आयुष्य तासाभराचं आहे आणि ते नंतर खरकट्यासोबतच जाणार आहे तिथे बघ. नॉटप्ला या लंडनच्या कंपनीवाले विद्यापीठातूनच निघाले, आज कागदी डब्यांना आतून समुद्री शेवाळाचं कोटिंग देतात. इकोव्हेटिव्ह ही कंपनी 2007 ला अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या दोन विद्यार्थ्यांनी काढली, त्यांनी फिल्मचा नादच केला नाही, बुरशीच्या तंतूंनी शेतीचा कचरा बांधून थर्मोकोलच्या जागी ठोकळे केले. तिथे ना वाफ अडवायचीय ना एक्स्ट्रूडर लागतो.

तुझं कायटोसॅन वितळत नसलं तरी पाण्यात थोडं आम्ल घालून विरघळतं ना, मग कागदावर कोटिंग करून बघ, कंपन्यांकडे कोटिंगची मशीनं आधीपासून आहेत. आणि वाफेची टेस्ट 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेला कर, 23 अंश 50 टक्क्यांचा आकडा सुंदर दिसतो पण कंपनीवाला तो बघून पान उलटतो.

मातीमित्र
+1. फक्त कोटिंगला क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन) कुठला वापरणार ते आधी ठरव, ग्लुटारल्डिहाइडसारखं विषारी रसायन घातलंस तर अन्नाला लागणाऱ्या कागदासाठी परवानगीचं शेपूट मागे लागेल. सायट्रिक अ‍ॅसिडने करून बघितलंयस का?