घरी केलेली गादीची आसने : आपले अनुभव सांगावेत

नौपाडाकर

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचे काम अखेर मार्गी लागले असून महिनाअखेरीस घर रिकामे करावयाचे आहे. त्या आवराआवरीत काल आईचे बुटके गोल स्टूल हाती आले, ज्यावर बसून ती आयुष्यभर भाजी निवडत असे. भाड्याच्या घरात त्याला जागा नाही असे सर्वानुमते ठरले होते. टाकण्यापूर्वी आत काय आहे ते पाहावे म्हणून मी शिवण उसवली आणि त्यानंतर दोन तास घरातील सर्व काम थांबले.

वर हिरव्या पडद्याचे कापड होते. त्याखाली आधीचे तपकिरी रेक्झिन, त्याखाली आजीच्या नऊवारीची घडी, तिच्याखाली गोळे झालेला कापूस, आणि सर्वांत खाली लहान मुलांच्या दूध पावडरचे सात रिकामे पत्र्याचे डबे निघाले. मधोमध एक आणि त्याभोवती सहा. एका वर्तुळाभोवती त्याच मापाची सहा वर्तुळे एकमेकांना टेकून नेमकी बसतात, हे मी शाळेत भूमितीच्या तासाला शिकलो; आईने ते ओट्यावर डबे मांडून पाहिले असावे. डबे साडीच्या काठाने तीन ठिकाणी आवळले होते. काठाची गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा मी ती सुरीने कापली आणि लगेच पस्तावलो.

आता ते स्टूल पुन्हा बांधावयाचे आहे, परंतु एका डब्याचा तळ गंजून गेला आहे. ज्यांनी घरातल्याच जुन्या वस्तूंपासून गादी लावलेले स्टूल, पफी, बाक किंवा खुर्ची केली असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. फसलेले प्रयोग आधी सांगितल्यास अधिक उपकार होतील.

ऐरोलीची आजी

आमच्याकडे गोडेतेलाचे 15 किलोचे चौकोनी डबे होते. सिडकोच्या घरात राहावयास आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत एका कॉटखेरीज काही नव्हते, आणि पाहुणे मात्र दर रविवारी येत असत, कारण त्यांना खाडीपलीकडचे नवे शहर पाहावयाचे असे. डबा उभा ठेवला तर उंची साधारण 14 इंच भरते. त्यावर फळी आणि तीन इंचांची गादी घातली की खुर्चीची नेहमीची 17 ते 18 इंचांची उंची मिळते. हे गणित मला पुष्कळ नंतर समजले, कारण आमच्या ह्यांनी सर्व काही बसून पाहून ठरवले होते.

डबा कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दोन वेळा धुवावा, नाहीतर तेलाचा वास राहतो आणि मुंग्या लागतात. शिवाय माणूस उठताना रिकाम्या डब्याच्या बाजू "डबुक" असा आवाज करतात. आमचे व्याही प्रथमच घरी आले होते, ते निरोप घेण्यासाठी उठले आणि तो आवाज झाला. खोलीतील कोणीही कोणाकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही डब्यांत चिंध्या ठासून भरल्या.

घोडबंदरवासी

फसलेला प्रयोग मागितला आहे म्हणून लिहितो. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा आमच्या माळ्यावर आधीच्या वर्षांची तीन मखरे पडून होती. वजनाला हलकी आणि कापावयास सोपी, म्हणून त्यांचे तुकडे एकावर एक रचून मी पफीचा गाभा केला. वर फोम बसवण्यासाठी फोमवाले वापरतात तो उग्र वासाचा रबरी गोंद ब्रशने सर्वत्र सारखा लावला, आणि तो थोडा सुकेपर्यंत चहा घ्यावा म्हणून आत गेलो. परत येऊन पाहतो तर मध्यभागी खळगा पडला होता, कमानीवरचा मोर मानेपर्यंत नाहीसा झाला होता, आणि उरलेला गाभा गुळाच्या पाकासारखा हळूहळू खाली बसत होता. त्या गोंदातील द्रावक थर्माकोल विरघळवतो, ही गोष्ट मला दुकानदाराने हसू दाबत सांगितली. थर्माकोलला पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद चालतो. तरीही बसण्याच्या वस्तूत त्याने एकट्याने भार घ्यावा अशी अपेक्षा ठेवू नये.

तलावपाळी

घोडबंदरवासी, आपल्या मोराबद्दल मनापासून सहानुभूती आहे. मखराचे विसर्जन करावयाचे राहून गेले होते, ते आपल्या हातून गोंदाने करवून घेतले असे समजावे.

वाशीकर

तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरीला असल्यामुळे मालाखालचे पाइनवूडचे पॅलेट मला सहज मिळत गेले, आणि टाळेबंदीच्या काळात गॅलरीसाठी त्यांचा बाक केला. पॅलेट घरात आणण्यापूर्वी त्यावरचा शिक्का अवश्य पाहावा. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या मालाच्या लाकडातील कीड मारण्यासाठी त्यावर प्रक्रिया करावी लागते. "एचटी" ही अक्षरे असल्यास लाकूड उष्णतेने तापवलेले असते, आणि "एमबी" असल्यास त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. दुसऱ्या प्रकारचे लाकूड फुकट मिळाले तरी घेऊ नये. शिक्का नसलेल्या फळ्यांवर काय सांडले असेल याचाही भरवसा नसतो, म्हणून मी त्या सोडून दिल्या.

गादीसाठी आईच्या खोलीतील जुनी काथ्याची गादी कापली. रबर मारलेला काथ्या साध्या करवतीच्या पात्याने कापला जातो, परंतु कापताना घरभर भुसा उडतो, म्हणून ते काम गच्चीवर करावे. नुसत्या काथ्यावर बसले की पोत मांडीला टोचतो, तेव्हा वर दोन इंच फोम घेतला. दुकानात "बत्तीस की चाळीस" असे विचारतात तेव्हा मी गोंधळलो होतो. तो आकडा घनतेचा, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो भरते याचा असतो. फोम कडक आहे की मऊ हे त्यावरून थेट कळत नाही. जास्त घनतेचा फोम लवकर दबून बसत नाही एवढे मात्र खरे, आणि रोज बसावयाचे असेल तर तिथे काटकसर करू नये. मी उशांसाठीचा स्वस्त फोम घेतला आणि तो वर्षभरात भाकरीसारखा चपटा झाला.

चेंदणीची सून

माझ्या सासऱ्यांच्या पलंगाची चौकट वाळवीने खाल्ली, परंतु त्यावरची नवार, म्हणजे पलंग विणण्याची रुंद सुती पट्टी, जशीच्या तशी शाबूत होती. तीच नवार मी जेवणाच्या टेबलाच्या एका बैठक फाटलेल्या खुर्चीला लावली. पट्टीचे टोक दुहेरी दुमडून त्यावर पाच चुका, म्हणजे बारीक खिळे, मारावयाच्या, दुसरे टोक लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून जीव खाऊन ताणावयाचे, आणि मग आडव्या पट्ट्या उभ्यांतून एकाआड एक खालीवर काढावयाच्या. पहिल्या वेळी मी हाताने जेवढी ताणली तेवढ्यावरच समाधान मानले. परिणामी आठवड्याभरात खुर्चीत बसणारा माणूस गुडघे हनुवटीपाशी घेऊन जेवू लागला. पट्टीवर टिचकी मारली तर ती वाजली पाहिजे, हे मला शेजारच्या गादीवाल्या काकांनी शिकवले.

नवारीवर गोणपाट, गोणपाटावर पिंजलेला कापूस, आणि वर कापड असे थर घातले. कापड ताणताना एका कोपऱ्यापासून सुरुवात करू नये. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक मारून मग कोपऱ्यांकडे सरकावे, आणि कापडाचे धागे चौकटीला सरळ आहेत ना हे दर वेळी पाहावे. उरेबात, म्हणजे तिरके, ओढले गेलेले कापड पहिले चार दिवस छान दिसते आणि नंतर सुरकुतते.

तलावपाळी

ताई, आपण खुर्चीत एकेक चूक मुद्दाम मारता आणि तरीही ती टिकते. आमच्या चुका मात्र न मारता होतात. विनोद बाजूला ठेवून विचारतो, नवार आता कुठे मिळते?

चेंदणीची सून

दोरखंड आणि सुतळी विकणाऱ्या जुन्या दुकानांत विचारावे. नायलॉनची रंगीत पट्टी पुढे केली तर घेऊ नये, सुती नवार असे स्पष्ट सांगावे. नायलॉन गुळगुळीत असल्यामुळे चुकांपाशी सरकते, असा माझा अनुभव आहे.

कळवा पूर्व

आमचे वडील ठाण्यातील रेमंडच्या कारखान्यात होते, त्यामुळे आमच्या घरी पडदे सुती असत, परंतु चपलांच्या पेटीवरची गादी सुटाच्या लोकरी कापडाची असे. ठिगळे राखाडी, निळी आणि चॉकलेटी. आईने ती गोधडीसारखी जोडली होती. पाहुणे त्या पेटीवर बसताना जरा अंग सावरूनच बसत. एका पावसाळ्यात तिला कसर लागली आणि उचलल्यावर कापडाची चाळण हातात आली. लोकरी कापड वापरणाऱ्यांनी दिवाळीआधी ते एकदा कडक उन्हात टाकावे आणि ब्रशने झाडावे. नुसत्या डांबराच्या गोळ्या ठेवून भागत नाही, शिवाय त्यांचा वास बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतो.

नेरूळ पश्चिम

भाजी शिजते आहे तोवर थोडक्यात लिहिते. गाडीचा जुना टायर, खाली आणि वर प्लायवूडच्या गोल चकत्या, बाहेरून सुतळीचे वेटोळे, आणि वर गादी. दिसावयास अतिशय सुंदर झाले आणि एप्रिलपर्यंत सोसायटीत माझे नाव झाले. मे महिन्यात गॅलरीतील उन्हाने रबराचा वास घरात शिरला. जूनमध्ये सुतळीने पाणी धरले आणि तिच्यावर हिरवट बुरशी आली. जुलैमध्ये पालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या तपासावयास आले, त्यांनी गादी उचलून आत विजेरी मारली आणि माझ्याकडे पाहिले. वरच्या चकतीच्या फटीतून आत गेलेले पाणी टायरच्या पोटात साचले होते. टायर करावयाचाच असेल तर तळाला भोके पाडावीत, साबणाने घासून आठवडाभर वाळवावा, आणि तो घरातच ठेवावा. आमच्या यजमानांनी आता त्यात कढीपत्ता लावला आहे.

ऐरोलीची आजी

रेक्झिन कोणी सुचवण्याआधी सांगून ठेवते. मे महिन्यात आपल्याकडच्या घामाने ते मांडीला चिकटते, आणि काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघून साऱ्यांच्या कपड्यांना लागतात. जाड सुती कापड घ्यावे आणि आवरण चेन लावून काढता-घालता येईल असे शिवावे. नौपाडाकर, आपल्या आईंनी रेक्झिनवर पडद्याचे कापड चढवले होते ना, त्याचे कारण बहुधा हेच असेल.

कोपरी

मी काही केलेले नाही, फक्त वाचतो आहे. जुन्या फर्निचरच्या गादीत ढेकूण असतात, त्याबद्दल कोणीच कसे लिहिले नाही?

चेंदणीची सून

असतात, म्हणूनच जुना कापूस मी कधीही तसाच वापरत नाही. तो पिंजून घेते आणि दोन दिवस कडक ऊन देते. शंका आली तर सरळ टाकून देते. कापूस नवा मिळतो, झोप मिळत नाही.

नौपाडाकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजींचा तर्क बरोबर निघाला. थोरल्या बहिणीला फोन केला तेव्हा ती म्हणाली की रेक्झिनवर बसून उठताना आईच्या साडीला ओढ बसत असे. कापूस पिंजावयास दिला आहे. नऊवारी मात्र धुऊन तिच्याच जागी परत घालणार आहे. काठ कापल्यामुळे बांधण्यासाठी चेंदणीच्या ताईंच्या सांगण्याप्रमाणे सुती नवार घेतली आणि सहा डबे तात्पुरते बांधून पाहिले, परंतु एका बाजूला खाच राहिल्यामुळे ते हलताच घरंगळतात. हल्ली ही पावडर पुठ्ठ्याच्या खोक्यातही मिळते आणि शेजारच्या सर्व बाळांच्या घरी खोकीच निघाली. साधारण पाच इंच व्यासाचा पत्र्याचा डबा कोणाकडे असल्यास कळवावे.

कोपरी

आमच्याकडे एक आहे. आत्ताच मोजला, पाच इंचांना दोरा कमी भरतो. सध्या त्यात साबुदाणा आहे, तो एकादशीला संपेल. झाकण हरवलेले आहे, चालेल का?

नौपाडाकर

नवारीने आवळल्यावर तेवढा फरक निघून जाईल. झाकण नसेल तर तो मध्ये बसवीन आणि उपडा ठेवीन. एकादशीनंतर संध्याकाळी येतो.