शब्दचर्चा: 'हॉटप्लग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) आमच्या एका यूएसबी ड्रायव्हरचा (यंत्राशी बोलणाऱ्या कोडचा) बग सुधारून झाला. नवख्या मुलांसाठी त्याचं मराठीत टिपण करायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो: हॉटप्लग, म्हणजे संगणक चालू असतानाच यंत्र जोडणं-काढणं. शब्दाला शब्द ठेवला तर 'गरम जोडणी' होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सोल्डरिंगचा डाग द्यायचाय.

बग असा होता. मोजमापाच्या यंत्राची केबल चालू संगणकातून उपटली तर लगेच काहीच व्हायचं नाही. आकडे वाचणारा प्रोग्राम बंद केला की मात्र कर्नल कोसळायचा. केबल निघाल्यावर कर्नल ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट फंक्शन बोलावतो. तिथे आम्ही यंत्राच्या नावची सगळी मेमरी मोकळी करून टाकत होतो. प्रोग्रामनं उघडलेली फाइल अजून तोच पत्ता धरून बसलेली असायची. शेवटी केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू करून कर्नल बांधला तेव्हा मेमरी कुठे मोकळी झाली आणि नंतर कुणी वापरली, दोन्ही जागा समोर आल्या.

प्रतिसाद

इथल्या 'हॉट'चा तापमानाशी संबंध नाही. वीज वाहत असलेल्या तारेला इंग्रजीत हॉट म्हणतात. आपला वायरमन म्हणतो 'लाइन चालू आहे, हात लावू नको'. म्हणून अर्थ 'चालू असताना' हाच. पण 'चालू जोडणी' म्हटलं की सध्याची जोडणी असा अर्थ निघतो. मी 'चालत्यात जोडणे' सुचवेन. 'चालत्या गाडीतून उतरू नये' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि तुमचा बगही उतरतानाचाच आहे.

प्रतिसाद

जोडणे फार सभ्य झालं. वापरात 'खोचणे' आहे, आणि उलट क्रिया 'उपटणे'. या दोन शब्दांत हात दिसतो. यूएसबीच्या नेहमीच्या चपट्या प्लगमध्ये वीज आणि ग्राउंडच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात, म्हणजे खोचताना आधी वीज लागते आणि उपटताना ती शेवटी सुटते. खोचण्या-उपटण्याची तयारी प्लगच्या घडणीतच केलेली आहे. शिवाय हात थरथरतो, संपर्क लागतो-सुटतो. म्हणून लिनक्सचा हब ड्रायव्हर (यूएसबी पोर्टांवर लक्ष ठेवणारा) पोर्ट सलग १०० मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच यंत्र आलं असं मानतो.

प्रतिसाद

खोचणे यूएसबीपुरतं ठीक. पण कर्नलमध्ये सीपीयू हॉटप्लगही आहे. तिथे सिसएफएसमधल्या (कर्नलच्या गोष्टी फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) ऑनलाइन नावाच्या फाइलमध्ये ० लिहिलं की प्रोसेसरचा तो कोअर कामातून बाजूला होतो, १ लिहिलं की परत येतो. कुणी काही खोचत नाही, उपटत नाही. मेमरीचंही तसंच. मग तिथे काय म्हणणार? माझ्या मते नाम 'हॉटप्लग'च राहू द्या, क्रियापदं मराठी घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

हे पटलं. पण माझी खरी तक्रार आता कळतेय: हॉटप्लग या शब्दात फक्त येणं आहे, जाणं नाही. मुलं प्रोब फंक्शन (यंत्र आल्यावर कर्नल बोलावतो ते) मन लावून लिहितात आणि डिस्कनेक्ट चार ओळींत उरकतात. जाण्यातही दोन तऱ्हा आहेत. सांगून जाणं, म्हणजे ड्रायव्हर आधी सोडवला आणि मग केबल काढली. आणि अवचित जाणं. पीसीआयचं (संगणकातल्या खाचेत बसणारं) कार्ड अवचित गेलं की त्याचं रजिस्टर (स्थिती सांगणारी छोटी नोंदजागा) वाचल्यावर सगळे बिट १ येतात. एखादा बिट ० व्हायची वाट पाहणारं लूप मग संपतच नाही. दोन्हींना एकच 'अनप्लग' म्हणून चालणार नाही.

प्रतिसाद

'सोडवणे' आणि 'उपटणे' असे दोन वेगळे ठेवा. आणि तुमचा बग मेमरी किती जण वापरताहेत ते मोजून (रेफरन्स काउंटनं) सुधारला असणार, त्या मोजणीला काय शब्द वापरलात?

मूळ प्रश्नकर्ता

'धरणे' आणि 'सोडणे'. मुलांना वाड्याचं उदाहरण दिलं. मालक गेला तरी शेवटचा भाडेकरू बाहेर पडेपर्यंत वाडा पाडायचा नाही. फक्त नवीन कुणाला किल्ली द्यायची नाही आणि आत झोपलेल्यांना उठवायचं. दुरुस्तीही तशीच आहे. डिस्कनेक्टमध्ये लॉक घेऊन 'यंत्र गेलं' अशी खूण करायची, वाचनासाठी झोपलेल्या प्रोग्रामना जागं करायचं, त्यांना 'असं यंत्र नाही' ही चूक परत द्यायची आणि आपली धर सोडायची. मेमरी मोकळी करण्याचं काम शेवटची धर सोडणाऱ्याचं, मग तो कुणीही असो. टाइमर आणि रांगेत पडलेली कामं त्याआधी थांबवायची, हे राहिलं तर सगळं फुकट.

प्रतिसाद

धर हे नाम छान आहे, आधार आणि पकड दोन्ही त्यात येतात. कुणीच धरलेली नाही तरी मोकळी न झालेली मेमरी मग 'बेवारस' म्हणता येईल. तुमच्या बगच्या बरोबर उलटी चूक.

मूळ प्रश्नकर्ता

घेतला. टिपणाची पहिली ओळ आता अशी: 'यंत्र चालत्यात खोचलं जाईल आणि न सांगता उपटलं जाईल, डिस्कनेक्ट आधी लिहा, प्रोब नंतर.'