मदत हवी आहे: घरामागे गॅस स्टेशन (पेट्रोल पंप) येतंय, झोनिंग बोर्डापुढे काय बोलावं? (न्यू जर्सी)

कुंपणकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. प्रकरण चालू असल्यामुळे गावाचं नाव लिहीत नाही.

सर्टिफाइड मेलने नोटीस आली आहे. आमच्या मागच्या कोपऱ्यावर रोपांची एक बंद पडलेली नर्सरी आहे. तिथे गॅस स्टेशन आणि चोवीस तास उघडं दुकान करायचा अर्ज आहे. झोन निवासी आहे, त्यामुळे त्यांनी 'यूज व्हेरियन्स' (झोनमध्ये न बसणाऱ्या वापराला खास परवानगी) मागितला आहे. सुनावणी अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या गावाच्या झोनिंग बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंटपुढे आहे.

गल्लीत सह्यांची मोहीम जोरात सुरू आहे. शंभरेक सह्या झाल्या की काम फत्ते, असं सगळ्यांना वाटतंय. मला खात्री वाटत नाही. माझी मुख्य काळजी म्हणजे रात्रभराचे दिवे, टँकर आणि शाळेच्या बसच्या वेळेची गर्दी. वकील करावाच लागेल का? आणि आपण बोलायचं कधी? आधी कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

साधामाणूस:
सह्या गोळा करा, पण त्यावर विसंबू नका. सह्या करणाऱ्यांची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून त्या कागदाला पुरावा मानत नाहीत. त्यापेक्षा चारजण प्रत्यक्ष येऊन शपथेवर बोलले तर ते रेकॉर्डवर जातं.

पुणेकर_सध्या_पुण्यात:
आमच्याकडे २०२० पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम आहे. नवा पंप शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी भागापासून ५० मीटर लांब हवा. अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून कमी चालतं, पण ३० मीटरच्या आत नाहीच. तुमच्याकडे असं काही नाही?

कुंपणकाठ:
इथे अंतर बघायचं ते गावाच्या ऑर्डिनन्समध्ये (स्थानिक कायद्यात). आमच्या ऑर्डिनन्समध्ये गॅस स्टेशन फक्त हायवेच्या झोनमध्ये, तेही अटींसह. आमच्या झोनमध्ये नाहीच.

जर्सीकर_जुना:
मग तुमची बाजू बरीच बळकट आहे. न्यू जर्सीच्या १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉनुसार हा 'डी' प्रकारचा व्हेरियन्स. याला साधं बहुमत पुरत नाही, सातजणांच्या बोर्डात पाच मतं बाजूने पडावी लागतात. म्हणजे तिघांनी 'नाही' म्हटलं तरी अर्ज पडतो. त्या रात्री पाचच सदस्य आले तर अर्जदाराचा वकील बहुतेक तारीख पुढे मागेल. पुढची तारीख तिथेच तोंडी जाहीर झाली की नवं पत्र सहसा येत नाही. म्हणून पहिल्या रात्री कुणीतरी शेवटपर्यंत बसा.

सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आहे. जागा या वापरासाठी खास योग्य का, आणि गावाने मास्टर प्लॅनमध्ये हा वापर तिथे ठेवलेला नसताना तो त्या योजनेशी कसा जुळतो, हे त्यांच्या प्लॅनरला (नगररचना तज्ज्ञाला) सांगावं लागतं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ च्या मेडिची निकालात ही कसोटी कडक केली. 'गावाला सोयीचं' एवढ्यावर भागत नाही.

तुम्ही बोलायचं दोनदा. त्यांचा प्रत्येक साक्षीदार (इंजिनिअर, ट्रॅफिकवाला, प्लॅनर) संपला की लोकांना प्रश्न विचारता येतात. त्या वेळी फक्त प्रश्नच, मतं नाहीत. आपलं म्हणणं शेवटी. लोक नेमके इथेच भाषण सुरू करतात आणि अध्यक्ष त्यांना गप्प बसवतात.

सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नकाशे आणि अर्ज गावाच्या ऑफिसात बघायला ठेवावे लागतात. ट्रॅफिक अहवाल असेल तर तो नक्की वाचा. गाड्या कोणत्या दिवशी मोजल्या, शाळा चालू होती का? १९४९ च्या कायद्यामुळे आपल्या राज्यात पंपावर स्वतः भरता येत नाही, मग रांग रस्त्यावर येईल का? ट्रॅफिकवाल्याला हे विचारा. जमिनीखालच्या टाक्यांवर मात्र वेळ घालवू नका. 'ते राज्याच्या पर्यावरण खात्याचं काम' म्हणून बोर्ड हात वर करेल.

साधामाणूस:
वकिलाचं राहिलं. स्वतःच्या घरापुरतं बोलायला लागत नाही. पण रहिवाशांची असोसिएशन म्हणून बोलायचं असेल आणि ती इनकॉर्पोरेटेड (कंपनीसारखी नोंदलेली) असेल, तर वकिलामार्फतच यावं लागतं. माझं मत विचाराल तर वकिलापेक्षा स्वतंत्र प्लॅनरवर पैसे घाला. त्यांच्या प्लॅनरला तोडीस तोड साक्ष शेजाऱ्यांकडून येत नाही.

कुंपणकाठ:
आमची असोसिएशन इनकॉर्पोरेटेड आहे, म्हणजे अध्यक्षांचं भाषण रद्द! (ते चार पानी आहे, वाचलं.) आता आम्ही घरोघरचे लोक वेगवेगळे बोलू.

आणखी एक. सगळं करूनही मंजूर झालं तर?

जर्सीकर_जुना:
बोर्ड अटी घालू शकतं. त्यांची यादी आजच करा: दुकानाची वेळ, छताचे दिवे खाली वळवलेले, तुमच्या बाजूला दाट झाडं आणि भक्कम कुंपण, टँकर रात्री नको. हे मागितलं म्हणजे विरोध मागे घेतला असं होत नाही, तसं शपथेवर स्पष्ट सांगा. कोर्टात जायचं झालं तर निर्णयाची सूचना छापून आल्यापासून ४५ दिवस मिळतात. त्यासाठी मात्र वकील गाठा.