कॅरॅव्हान दारात लावायच्या आधी डीड्स वाचा

कॅरॅव्हान (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) वापरात नसताना कुठे ठेवायची या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय, 'स्टोरेजला पैसे घालवण्यापेक्षा दारात डोळ्यासमोर असलेली बरी', ते निम्मंच पटलं. आपण घरी आहोत तोवर ठीक, पण डिसेंबरात महिनाभर पुण्याला गेलो की कोणाचे डोळे? आणि उन्हाळ्यात ती ड्राइव्हवरून (घरासमोरच्या गाडी लावायच्या जागेवरून) गायब झाली की घर रिकामं आहे हे अख्ख्या गल्लीला कळतं, ते वेगळंच. पण इथे अजून कोणी डीड्सचा, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदांचा, विषय काढला नाही. इंग्लंडमधल्या नव्या इस्टेटींवर बऱ्याचदा कोव्हेनंट, म्हणजे या कागदांत लिहिलेली बंधनकारक अट, असतो की घरासमोर कॅरॅव्हान, बोट वगैरे ठेवायची नाही. स्वतःच्या ड्राइव्हवर कॅरॅव्हान नुसती उभी करायला कौन्सिलची परमिशन सहसा लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण कोव्हेनंट वेगळा, आमच्या शेजाऱ्यांना बिल्डरचं पत्र आलं तेव्हा कुठे त्यांनी कागद उघडले.

स्टोरेज घेणार असाल तर कॅसोआचं (कॅरॅव्हान स्टोरेजवाल्यांची संघटना) सुरक्षेचं ग्रेडिंग बघा, ब्राँझ ते प्लॅटिनम असतं, वरच्या ग्रेडला बऱ्याच इन्शुरन्सवाल्यांकडे डिस्काउंट मिळतो. जागा बदलली की त्यांना कळवायचंच, नाहीतर क्लेमच्या वेळी बोंब. अजून एक, बहुतेक साइटवर वीज नसते आणि ट्रॅकर नि अलार्म हळूहळू बॅटरी खातात, त्यामुळे छपरावर छोटं सोलर पॅनल हवंच. बॅटरी काढून घरी आणायची असेल तर आधी पॉलिसी बघा, काहींमध्ये अलार्म चालू ठेवणं ही अटच असते.